लाल घर, सूत वर

ठिपका म्हणतो, पोचलास.
मी गोल फिरून बघतो: गवत, दोन दगड, एक मेलेली मेंढी.
पेटी नाही.
शेजारच्या खुर्चीवरून मल्लेश ओरडतो,
"अरे बे, खाली हाय ते!
तू त्याच्या डोक्यावर नाचालास की."

अशोक चौकाजवळ, टॉवेलच्या गोदामावरची खोली.
तासाला तीस रुपये.
बाहेर सोलापूरचं चव्वेचाळीस, आत पंखा एक,
आणि लाईट गेली तर हिशेब मालकाच्या मर्जीवर.

जुन्या नकाशात सगळं एकाच पातळीवर निजलेलं.
किल्ला, किल्ल्याखालची गुहा, गुहेखालचं तळं
एका ठिपक्यात, एकावर एक,
दुकानात घडी घालून रचलेल्या चादरींसारखं.
मधली कुठली ओढायची
ते वरून कळत नाही.

नव्या भागात नकाशा बोटानं फिरतो.
डोंगर कुशीवर वळतो, पोट दाखवतो,
आतली भुयारं आतड्यांसारखी निळी चमकतात.
पहिल्या दिवशी आम्ही खेळलोच नाही.
नुसता नकाशा फिरवत बसलो.
दीड तास, पंचेचाळीस रुपये.
दुसऱ्या दिवशी मला कळेना उत्तर कुठं गेली.
किल्ला पायाशी, नदी छताला,
आणि मी, म्हणजे एक पिवळा बाण,
कशाच्या तरी आत.

मल्लेश म्हणतो, हाच खरा.
मी काही बोललो नाही.
सपाट नकाशाच्या कडेला पांढरं होतं.
तिथं काय असेल, म्हणून मी रात्र रात्र जागलो होतो.

दाजी पेठेत, घरी,
नान्ना ग्राफच्या कागदावर वाकलेले.
हॉटेलच्या टॉवेलचं कमळ, कोपऱ्यात बसणारं.
कारखान्यात आता हे सगळं पेनड्राइव्हमधून येतं,
पण गाजूलशेठ अजून कागद मागतात,
कागदाला व्हायरस लागत नाही म्हणे.
मी मोबाईलमधले दोन्ही नकाशे पुढं केले.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
सपाटवाला बघितला. फिरणारा बघितलाच नाही.
"चढ कुठाय ह्यात?"
नाही, म्हटलं, तोच तर घोळ आहे.
"आमच्यात असतोय,"
आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं कागद ठोकत,
"लाल घर, सूत वर. कोरं घर, सूत खाली.
उलटीकडनं बघशील तर दरीचा डोंगर होतोय.
आम्हाला कोण फिरवून दाखवालंय?"
मग आईला तेलुगूत काहीतरी म्हणाले.
ती हसली.
मला सांगितलं नाही.

रात्री त्यांच्या रद्दीतला एक कागद घेतला.
लाल: माझ्या वर. निळं: माझ्या खाली.
कोरं: मी चालतो ती जमीन.
अख्खा किल्ला बसवला बारीक चौकटींत,
जिने, कपारी, तळ्याचा काठ, सगळं मोजून.
डोळे मिटून वरून बोट फिरवलं.
काही उंच लागलं नाही.
कागदच तो.

शनिवारी कागद मांडीवर ठेवून उतरलो.
मल्लेश नकाशा गरागरा फिरवत होता,
मी घरं मोजत होतो:
चार निळी, एक कोरं, परत तीन निळी.
आणि चुकलो.
नान्ना एक घर चुकले की
पाकळीला दात फुटतो
आणि हजार टॉवेल दातासकट निघतात.
माझं एक घर म्हणजे चारशे हात.
पडता पडता दिसली,
कपारीत, मी रंगवायलाच विसरलो होतो तिथं,
गंजलेल्या कड्यांची पेटी,
वर वर जाणारी.

तेवढ्यात लाईट गेली.
खालचे मागही थांबले, सगळे एकदम,
आणि कान मोकळे झाले.
मालक अंधारातून म्हणाला, अर्धा तास धरतो.
मल्लेशनं त्याच्याशी भांडण काढलं.
मी खिशातून नान्नांची पेन्सिल काढली
आणि अंदाजानं
एक घर लाल केलं.